नवी नोंद नाकारणारा फॉर्म
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आज मी ज्या अडचणीविषयी बोलणार आहे ती तुमच्यापैकी अनेकांनी काउंटरच्या अलीकडून पाहिली असेल. आपण रांगेत उभे असतो. आपला नंबर येतो. पलीकडची व्यक्ती दोन-तीनदा बटणं दाबते, चष्मा वर सरकवते आणि म्हणते, "कॉम्प्युटर नवीन नाव घेत नाहीये, उद्या या." वाचनालय असो, पतसंस्था असो, दवाखाना असो की शाळेचं कार्यालय, हे वाक्य सगळीकडे सारखंच. आपण मनातल्या मनात संगणकाला नावं ठेवत घरी येतो.

पण नवीन नाव घेत नाही म्हणजे नेमकं काय होतं? यंत्र बिघडलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही. यंत्राला कुणीतरी, कधीतरी सांगून ठेवलेलं असतं की अमुक परिस्थितीत नोंद घेऊ नकोस, आणि ते इमानेइतबारे ती आज्ञा पाळत असतं. ती आज्ञा कुणी दिली, कुठे दिली आणि कशासाठी दिली, एवढं शोधून काढलं की अडचण सुटते. हे शोधायचं कसं, हा आजचा विषय. तो समजावा म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो.

गुरुजींचा फोन

गोष्ट २००९ च्या मे महिन्यातली. एका तालुक्याच्या गावी काही मंडळी रक्तदात्यांची यादी ठेवत. कोणाला रक्त हवं असलं की यादीतून त्या गटाचे दाते शोधायचे आणि फोन करायचे, एवढंच त्यांचं काम. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावाला गेलेले असतात, त्यामुळे रक्ताची चणचण ठरलेली. म्हणून त्यांनी रविवारी, १० मे रोजी शिबिर घेतलं. चौसष्ट नवे दाते आले. त्यांचे कागदी अर्ज संगणकात भरायचं काम एका निवृत्त शिक्षकांनी अंगावर घेतलं. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. यादी मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये होती आणि ती मूळची मी बनवून दिलेली होती.

मंगळवारी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. "अहो, तुमचा फॉर्म कोरा येतच नाही. प्रत्येक वेळी आधीचं खोडून लिहावं लागतंय. अकरा झाले, हात दुखायला लागला."

'खोडून' हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "गुरुजी, आता एकही बटण दाबू नका. पडद्याच्या तळाशी काय आकडा दिसतोय तेवढा वाचा." ते म्हणाले, "११२६ पैकी ११."

शिबिराआधी यादीत ११२६ नावं होती. त्यात अकरा नवी भरली असतील तर आकडा ११३७ व्हायला हवा होता. तो जागचा हललाच नव्हता. याचा अर्थ सरळ होता. अकरा नवी माणसं आत आली होती आणि अकरा जुनी माणसं यादीतून पुसली गेली होती.

गुरुजींची चूक म्हणावी तर तसंही नाही. फॉर्म उघडला की त्यांना एक नाव दिसे. त्यांना वाटलं, हा भरलेला नमुना असेल. नमुना खोडायचा, आपला मजकूर लिहायचा आणि पुढे जायचं. वहीत आपण असंच करतो. शिवाय संगणकावर पत्र लिहिलं की शेवटी तो विचारतो, 'जतन करू का?' तसं इथेही विचारेल, असा त्यांचा समज होता. ॲक्सेस मात्र विचारत नाही. तुम्ही एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर गेलात की आधीच्या नोंदीतले बदल त्या क्षणी कायमचे लिहिले जातात. नोंद सोडण्यापूर्वी 'एस्केप'चं बटण दाबलं तर बदल मागे घेता येतो. पुढे गेल्यावर तो मार्ग उरत नाही.

फॉर्म म्हणजे खिडकी

यातलं मर्म कळण्यासाठी डेटाबेसची रचना थोडक्यात पाहू. आपण ज्याला फॉर्म म्हणतो तो माहितीचा साठा नव्हे. तो साठ्यावर उघडणारी खिडकी आहे. खरी माहिती असते तक्त्यात, म्हणजे टेबलमध्ये. आडव्या ओळीत एकेका माणसाची नोंद आणि उभ्या रकान्यांत नाव, गाव, रक्तगट, फोन. खिडकी आणि तक्ता यांच्यामध्ये पुष्कळदा क्वेरी असते. क्वेरी म्हणजे तक्त्याला विचारलेला प्रश्न. 'बी पॉझिटिव्ह गटाचे सगळे दाते नावाच्या क्रमाने दाखव' ही झाली क्वेरी. तक्ता ज्या फाइलमध्ये असतो ती फाइल, आणि फाइल ज्या फोल्डरमध्ये असते तो फोल्डर, हे त्याखालचे थर.

माहिती अशी तक्त्यांमध्ये मांडावी आणि तक्त्यांचे आपसातले संबंध नियमांनी बांधावेत, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. ते तेव्हा अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करत होते. आज बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत ज्या डेटाबेसांवर व्यवहार चालतात, त्यांतल्या बहुतेकांचा पाया हाच आहे. ॲक्सेस १९९२ साली आलं आणि ही सोय छोट्या कार्यालयांच्या टेबलावर येऊन बसली.

तेव्हा नवी नोंद नाकारली जाते तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा : कोणत्या थराने नाकारली? खिडकीने, प्रश्नाने, तक्त्याने की फाइलने?

नकाराचे दोन प्रकार

त्याही आधी एक गोष्ट नीट पाहायची. नकार केव्हा मिळतो? काही वेळा कोरी जागाच मिळत नाही. फॉर्मच्या तळाशी बाण आणि शेजारी तारा असं नव्या नोंदीचं बटण असतं, ते फिकट पडलेलं असतं. म्हणजे दारच बंद. दुसऱ्या प्रकारात कोरी जागा मिळते, आपण सगळं भरतो आणि पुढे जाताना एखादा संदेश येऊन अडवतो. म्हणजे दार उघडं आहे, पण आतला माणूस कागद तपासून परत पाठवतो. पहिल्या प्रकारात दोष बहुधा फॉर्ममध्ये, क्वेरीत किंवा फाइलच्या परवानगीत सापडतो. दुसऱ्यात तो तक्त्याच्या नियमांत सापडतो. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो.

पुढची पायरीही सोपी आहे. फॉर्म बाजूला ठेवा आणि तक्ता थेट उघडा. सर्वांत खाली कोरी ओळ दिसते का पाहा. आधी फाइलची प्रत मात्र काढून ठेवा आणि प्रयोग त्या प्रतीवरच करा. तक्ता नोंद घेत असेल तर तक्ता आणि फाइल निर्दोष. मग क्वेरी उघडून तिथे प्रयत्न करा. क्वेरीही घेत असेल तर दोष फॉर्मचाच. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी गच्चीवरची टाकी पाहतो, मग मधला कॉक, मग तोटी. इथेही तोच क्रम.

फॉर्मची कडी

गुरुजींच्या गावी मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेलो. तक्ता थेट उघडला, खाली कोरी ओळ होती. म्हणजे कडी फॉर्मला लागली होती. फॉर्म 'डिझाइन'मध्ये उघडून त्याची गुणधर्मांची यादी पाहिली. त्यात 'अलाऊ ॲडिशन्स' म्हणजे 'नवी भर घालू द्यावी का' असा एक गुणधर्म असतो. त्यापुढे 'नो' लिहिलेलं होतं. जुन्या नोंदीत बदल करण्याची परवानगी मात्र तशीच होती. म्हणून गुरुजींना नवं पान मिळत नव्हतं, पण जुन्यावर खाडाखोड करता येत होती. सगळ्यांत धोकादायक जोडी हीच.

'नो' कुणी केलं? त्यांच्यातल्याच एका कॉलेजच्या मुलाने. त्याला बोलावलं तेव्हा तो बिचारा कानकोंडा झाला. पण त्याचं कारण ऐकण्यासारखं होतं. "सर, लोक नाव शोधायला म्हणून फॉर्म उघडायचे आणि शेवटच्या कोऱ्या पानावर चुकून काहीतरी टाइप व्हायचं. नुसतं एक अक्षर असलेल्या नोंदी झाल्या होत्या. म्हणून मी नवीन पान बंद केलं." हेतू चांगला होता. फक्त तो कुणाला सांगायचा राहून गेला होता.

फॉर्मच्या थरातल्या आणखी दोन-तीन कड्या लक्षात ठेवाव्यात. 'रेकॉर्डसेट टाइप' या गुणधर्मापुढे 'स्नॅपशॉट' असेल तर फॉर्म माहितीचा फक्त फोटो दाखवतो. फोटोत कुणाला नव्याने उभं करता येत नाही. मुख्य पडद्यावरच्या बटणाने फॉर्म उघडत असेल, तर त्या बटणालाच 'फक्त वाचण्यापुरता उघड' असं सांगितलेलं असू शकतं. याच्या उलट 'डेटा एंट्री' हा गुणधर्म 'येस' केला तर फक्त कोरं पान दिसतं, जुनी एकही नोंद दिसत नाही, आणि लोक घाबरतात की सगळी माहिती उडाली. ती उडालेली नसते, लपलेली असते.

आणि फॉर्म उघडल्यावर रकानेच दिसत नाहीत, सगळा भाग रिकामा दिसतो, असं झालं तर? दाखवायला एकही नोंद नाही आणि नवी घालायची परवानगीही नाही, अशा वेळी ॲक्सेस तो भाग कोराच ठेवतं. फॉर्म नष्ट झाला असं समजून नवा बनवायला बसू नये.

प्रश्नाच्या स्वरूपातला अडथळा

कधी फॉर्मचे सगळे गुणधर्म ठीक असतात, तरी खाली संदेश येतो की हा नोंदसंच बदलता येण्याजोगा नाही. तेव्हा क्वेरीकडे पाहावं. समजा कुणीतरी गटवार बेरीज मागणारी क्वेरी केली : बी पॉझिटिव्ह ३१०, ओ पॉझिटिव्ह ३४०, असे आकडे. आता या '३१०'च्या खाली तुम्ही नवं नाव लिहू म्हणाल तर संगणकाने ते कुठे लिहावं? ती ओळ कुणा एका माणसाची नाहीच. ती शेकडो ओळींचं सार आहे. म्हणून तो नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

एकसारख्या ओळी गाळून दाखवणारी क्वेरी, दोन याद्या एकाखाली एक जोडणारी क्वेरी, किंवा दोन तक्ते योग्य दुव्याशिवाय शेजारी ठेवणारी क्वेरी, या सगळ्यांची गत हीच. उपायही एकच. भरायचा फॉर्म साध्या तक्त्यावर किंवा साध्या क्वेरीवर बेतावा आणि बेरजा-वजाबाक्यांसाठी वेगळा अहवाल करावा. मोठ्या कार्यालयांत तक्ते दुसऱ्या सर्व्हरवर असतात आणि ॲक्सेसला नुसते जोडलेले असतात. तिथे तक्त्याला प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येईल असा क्रमांक नसेल, तर ॲक्सेस तो तक्ता फक्त वाचू देतं, लिहू देत नाही.

तक्त्याचे नियम

गुरुजींचा फॉर्म मी सुरू करून दिला. चला, काम झालं, असं म्हणून चहा मागवला. चहा येईपर्यंत दुसरा नकार आला. या वेळी पान कोरं मिळालं होतं, पण नोंद आत जाईना. संदेशाचा अर्थ होता, 'ही नोंद घेतली तर एकच मूल्य दोनदा होईल.' कोणत्या रकान्यात, ते संदेश सांगत नाही. अर्ज पाहिला. दोन सख्खे भाऊ शिबिरात आले होते आणि दोघांनी घरचा एकच फोन नंबर दिला होता. एकाच दात्याची दोनदा नोंद होऊ नये म्हणून फोन नंबरचा रकाना पुन्हा न येणारा केलेला होता. हा नियम कुणी केला होता? मी स्वतः! माझ्या डोक्यात एक माणूस म्हणजे एक मोबाइल असा हिशेब होता. गावात एका घरात मिळून एक फोन असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नियम नुसता काढून टाकला असता तर पुन्हा एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्या असत्या. म्हणून फोनऐवजी नाव, जन्मतारीख आणि फोन ही तिन्ही मिळून जोडी पुन्हा येऊ नये, असा नियम केला. भाऊ आत आले.

पुढे तिसरा नकार. एक दाता अशा वस्तीवरचा होता, जिचं नाव गावांच्या तक्त्यात नव्हतं. गावाचं नाव कुणी कसंही लिहू नये म्हणून गावांची वेगळी यादी केली होती आणि दात्याचं गाव त्या यादीतलंच असलं पाहिजे असा दुवा घातला होता. आईबापाची नोंद आधी, मुलाची नंतर, असं या नियमाचं स्वरूप असतं. उपाय म्हणजे आधी गावांच्या तक्त्यात वस्ती घालायची आणि मग दात्याची नोंद करायची. दुवा तोडणं हा उपाय नव्हे.

तक्त्याच्या नकारांची आणखी काही कारणं सांगतो. एखादा रकाना सक्तीचा असतो आणि तो फॉर्मवर ठेवायचाच राहिलेला असतो. मग भरणाऱ्याला कळतच नाही की काय चुकतंय. कधी रकान्याची लांबी कमी पडते आणि मराठीत ती फार लवकर कमी पडते. 'श्रीकृष्ण' हे नाव आपण तीन अक्षरांचं समजतो. संगणक त्यात श, हलन्त, र, वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त आणि ण अशी नऊ चिन्हं मोजतो. वीस चिन्हांची जागा इंग्रजी नावाला पुरते, मराठी नावाला आडनावाआधीच संपते.

तारखांचंही तसंच. समजा नियम आहे की रक्तदानाची तारीख आजच्या पुढची नसावी, आणि संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची आहे, म्हणजे आधी महिना, मग दिवस. मे महिन्यात बसून तुम्ही १०/०५ लिहिलंत. संगणकाने वाचलं ५ ऑक्टोबर. तारीख पुढची, नोंद नामंजूर. तुम्ही २५/०५ लिहिलंत तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो ती निमूट २५ मे अशी वाचतो आणि घेतो. भरणाऱ्याला वाटतं, संगणक लहरी आहे. तो लहरी नाही, त्याची सेटिंग चुकली आहे.

आकडे संपतात तेव्हा

काही नकार मर्यादा गाठल्यामुळे येतात. ॲक्सेसमध्ये 'इंटिजर' प्रकारच्या रकान्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. पावती क्रमांकासाठी असा रकाना ठेवला तर कित्येक वर्षं काम सुरळीत चालतं आणि ३२,७६८ व्या पावतीला गाडी अडते. आदल्या दिवशी कुणी काहीच बदललेलं नसतं, म्हणून कारण सापडत नाही. 'लाँग इंटिजर' ठेवला तर मर्यादा २१४ कोटींच्या पुढे जाते. ॲक्सेस २००० पासून पूर्ण फाइलचीही २ गिगाबाइटची मर्यादा आहे. फोटो फाइलमध्येच कोंबत गेलं की ती गाठायला वेळ लागत नाही.

ही गंमत छोट्या कार्यालयांपुरती नाही. २००४ च्या नाताळात अमेरिकेतल्या कॉमएअर या विमान कंपनीची कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी प्रणाली अशाच मर्यादेला धडकली. त्या प्रणालीत महिन्याला सुमारे ३२ हजार बदलच मावत होते. हिमवादळामुळे पाळ्या इतक्या वेळा बदलल्या की ती संख्या संपली आणि ऐन सणात कंपनीची सगळी उड्डाणं थांबली.

आपोआप पुढे जाणारा क्रमांकही क्वचित घोटाळा करतो. पुढचा क्रमांक द्यायचा तर तो आधीच वापरलेला देतो आणि मग स्वतःच 'दुबार' म्हणून नाकारतो. ॲक्सेसच्या २०००च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये हा दोष अनेकांनी अनुभवला. अशा वेळी प्रत काढून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवावं. तेवढ्याने भागलं नाही तर सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक देऊन एक नोंद ॲपेंड क्वेरीने घालावी. तिथून मोजणी पुन्हा नीट सुरू होते.

शेवटचा थर फाइलचा. फाइलवर 'फक्त वाचा' अशी खूण असेल, ईमेलमधून किंवा झिप फाइलमधून तशीच उघडली असेल, किंवा ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे लिहिण्याची परवानगी नसेल, तर एकही फॉर्म नोंद घेणार नाही. ॲक्सेस उघडताना शेजारी एक छोटी कुलूप-फाइल तयार करतं. कोण कोण आत आहे याची ती हजेरीच म्हणा ना. ती तयार करायलाच परवानगी नसेल तर बऱ्याच जणांनी एकत्र काम करणं जमत नाही. 'माझ्याकडे चालतं, शेजारच्या संगणकावर चालत नाही' अशी तक्रार आली की आधी इथे पाहावं.

अकरा माणसं परत आणली

आता तुम्ही विचाराल, त्या पुसल्या गेलेल्या अकरा जणांचं काय झालं? सुदैवाने १ मे रोजी यादीची एक प्रत सीडीवर काढून ठेवलेली होती. ती प्रत आणि चालू यादी शेजारी ठेवली. दात्याचा क्रमांक तोच पण नाव वेगळं, अशा ओळी दाखव, असा प्रश्न क्वेरीतून विचारला. अकरा ओळी याव्यात तर आल्या बारा! गुरुजी अस्वस्थ झाले. बारावी ओळ पाहिली तर एका ताईंचं लग्न झालं होतं आणि त्यांनी शिबिरात येऊन नाव बदलून घेतलं होतं. ती दुरुस्ती खरी होती. यंत्राने फरक दाखवला, पण चूक कोणती आणि दुरुस्ती कोणती हे माणसालाच ठरवावं लागलं.

अकरा जुन्या नोंदी प्रतीवरून जशाच्या तशा आणल्या आणि अकरा नव्या माणसांना नवे क्रमांक दिले. परत आलेल्यांत एक नाव ओ निगेटिव्ह गटाच्या दात्याचं होतं. हा गट आपल्याकडे विरळा. गुरुजी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले. रक्त देण्यापूर्वी रक्तपेढी गट तपासतेच, त्यामुळे चुकीचं रक्त कुणाला गेलं नसतं. पण रात्री दोन वाजता कुणी फोन केला असता तर हा माणूस यादीत सापडला नसता, आणि तो नाही हे कुणाला कळलंही नसतं. कागदी वहीत खाडाखोड दिसते. इथे खाडाखोडीचा मागमूसही राहत नाही.

त्या दिवशी आम्ही फॉर्म एकाचे दोन केले. एक 'शोधा' नावाचा. त्यात फक्त पाहता येतं, भर नाही आणि बदलही नाही. दुसरा 'नवीन दाता' नावाचा. तो नेहमी कोराच उघडतो. नाव, गट आणि फोन सक्तीचे केले, म्हणजे एका अक्षराच्या अर्धवट नोंदी होणार नाहीत. कॉलेजच्या मुलाची अडचण सुटली आणि गुरुजींचीही. संगणकाशेजारी एक वही ठेवली. नियमात काहीही बदल केला की तारीख, बदल आणि कारण त्यात लिहायचं. या सगळ्यात मला ती वही सर्वांत मोलाची वाटते.

नकार बरा, मौन वाईट

शेवटी एक गोष्ट सांगतो. नोंद नाकारणाऱ्या फॉर्मचा आपल्याला राग येतो. पण न बोलता नोंद गिळणारी व्यवस्था त्याहून घातक असते. २०२० च्या कोविडच्या साथीत इंग्लंडमध्ये तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमधून पुढे पाठवले जात होते. त्या पद्धतीत एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. वरच्या ओळी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण मोजणीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायला उशीर झाला. तिथे कुठल्याही काउंटरवर 'नवीन नाव घेत नाही' असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा श्रोतेहो, फॉर्म अडला की तीन पथ्यं पाळा. पहिलं, खोडून लिहू नका आणि तळाचा आकडा वाढतोय का ते पाहा. दुसरं, काहीही करण्याआधी प्रत काढा. तिसरं, खिडकी, प्रश्न, तक्ता, फाइल या क्रमाने पाहत जा, आणि नियम सापडला की तो काढण्याआधी तो कशासाठी घातला होता ते विचारा. घालणारा माणूस बहुधा त्याच इमारतीत असतो. आणि काउंटरच्या अलीकडे असाल तर 'उद्या या' ऐकल्यावर एवढं जरूर विचारा, "माझं नाव कागदावर तरी लिहून ठेवलंत ना?"